गरीब माणूस आणि खुनाचा आरोप

(ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला बोलावयास सांगितले तेव्हा धम्मदीक्षेचा अर्थ किंवा पंचशील यांविषयी मी काही सांगेन अशी आपली अपेक्षा असणार. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी माणसे आपणांत आहेत. मी आज एका अप्रिय विषयावर बोलणार आहे. गरीब माणसावर खुनाचा आरोप आला म्हणजे त्याचे काय होते, आणि अशा वेळी आपल्यासारख्या कुटुंबांनी काय करावयास हवे, हा तो विषय होय.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "आम्ही कष्ट करून खाणारी माणसे. आम्ही कोणाचा जीव घेणारे नव्हे. मग हे आम्हांला कशाला ऐकवता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी माझ्या शब्दांत देण्यापेक्षा आपल्याच महाराष्ट्रात घडलेली एक हकीकत सांगून देतो. ती हकीकत नाशिक जिल्ह्यातील आहे. म्हणजे आपल्यापासून फार लांबची नाही.

२००३ सालच्या जून महिन्याची ५ तारीख. त्याआधीचे २००२ साल देशात मोठ्या अवर्षणाचे गेले होते. हाताला काम मिळेल तेथे जाणे आणि मिळेल त्या मजुरीवर दिवस ढकलणे, हे गरिबांच्या वाट्याला आलेलेच होते. त्या रात्री नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडेखोर चालून आले. थोडे पैसे आणि अंगावरचे दागिने त्यांनी लुटले, स्त्रियांवर अत्याचार केले आणि पाच जणांना ठार मारले. ज्यांचे रक्त सांडले ते कोणी धनिक नव्हते. झोपडीत राहून पोट भरणारी तीही गरीब माणसे होती. हे मी मुद्दाम सांगतो. कारण आरोपीच्या हक्काविषयी बोलताना मेलेल्यांचा विसर पडता कामा नये.

अशा निर्घृण कृत्याने लोक खवळून उठले तर त्यात नवल नाही. पोलिसांनी सहा जणांना पकडले. हे सहाही जण भटक्या जमातीतले, अतिशय गरीब, मजुरी करणारे होते. त्यांची नावे मी येथे घेणार नाही. जे अखेर निर्दोष ठरले त्यांच्या नावाला खुनाचा शब्द पुन्हा चिकटवण्याचे पाप माझ्याकडून घडू नये, अशी माझी इच्छा आहे.

खटला चालला. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली, सरकारचे अपील मान्य केले आणि ज्या तिघांची फाशी टळली होती त्यांनाही फाशीच द्यावी असा निर्णय दिला. पुनर्विलोकनाचा अर्जही २०१० साली फेटाळला गेला. म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या न्यायासनापर्यंत जाऊन सहाही गळ्यांभोवती दोर पक्का झाला.

पुढे काय झाले ते नीट ऐका. २०१२ साली असे सिद्ध झाले की, या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही अशा मुलाला तीन न्यायालयांच्या निर्णयांतून जाऊनही फाशीच्या कोठडीची वाट दाखवली गेली होती. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहून कळवले की, चुकीच्या आधारावर फाशी झालेल्या काही कैद्यांची शिक्षा कमी करावी. त्या कैद्यांत हेही होते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात ठरवले की, फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयात, वकिलाचे म्हणणे तोंडी ऐकून निकालात काढले पाहिजेत. या निर्णयामुळे नाशिकच्या प्रकरणाचे बंद झालेले दार पुन्हा उघडले.

आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. या हल्ल्यातून जी स्त्री वाचली होती, तिने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रे पाहून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे निराळीच होती! त्यांच्याविषयी पुढे तपास झाला नाही. त्यांच्यावर खटलाही भरला गेला नाही. त्यांना बाजूला ठेवून या सहांना उभे करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हे आरोपी समाजाच्या तळच्या थरातील गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटेपणाने गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करावी, असा आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिला.

सोळा वर्षे! मजुराच्या आयुष्यातील हाडे घट्ट असण्याची, बैलासारखे राबून चार पैसे जोडण्याची, मुलांना शिकवण्याची हीच सोळा वर्षे असतात. पाच लाखांनी त्यांतले एकही वर्ष विकत मिळत नाही. आणि त्या झोपडीतील मृतांना तरी न्याय मिळाला काय? निर्दोष माणसाला शिक्षा झाली म्हणजे गुन्हेगाराला मोकळीक मिळते. एका गरीब कुटुंबाचा खून झाला आणि दुसऱ्या गरीब माणसांचे आयुष्य गेले. एवढाच त्याचा हिशेब राहिला.

आता मी माझा स्वतःचा दोष आपल्यापुढे कबूल करतो. २००९ साली मी ती बातमी वाचली तेव्हा माझ्या तोंडून "बरे झाले" असेच शब्द निघाले. मी स्वतःला विचारी समजणारा माणूस. अन्याय म्हणजे काय हे घरातच शिकलेला. तरीही "भटके", "दरोडा", "खून" हे तीन शब्द एकत्र वाचताच माझ्या मनाने निकाल देऊन टाकला. कोणी ओळखले, कधी ओळखले, पुरावा कोणता, हे विचारावे असे मला वाटले नाही. दहा वर्षांनी दुसरी बातमी वाचली तेव्हा मला माझी शरम वाटली. जो पूर्वग्रह आमच्या आजोबा-पणजोबांविरुद्ध चालत आला, तोच माझ्या मनात दुसऱ्याविरुद्ध घर करून बसला होता.

बंधूंनो, हा पूर्वग्रह आकाशातून पडलेला नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. मूल अजून पाळण्यात, आणि सरकारी दप्तरात त्याची जात गुन्हेगारांत! तो कायदा स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु कायदा एका दिवशी रद्द होतो. मनातला कायदा रद्द व्हावयास पिढ्या लागतात. आपल्या पूर्वजांचा अनुभव तरी काय होता? गावात चोरी झाली की पहिली हाक महारवाड्याला येई. आधी बोलावणे, मग मारझोड, आणि चौकशी अखेरीस. जन्मावरून माणसाची पवित्रता ठरवणारी जी विचारसरणी आपण सोडली, तिचीच दुसरी बाजू जन्मावरून माणसाचा अपराध ठरवणे ही आहे. पहिली सोडून दुसरी आपणांस जवळ ठेवता येणार नाही.

या पूर्वग्रहाला दारिद्र्याची जोड मिळाली म्हणजे गोष्ट पुरी होते. आपल्या या भागातील किती कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, हे मी आपणांस सांगावयास नको. परक्या मुलखात शेताच्या कडेला पाल ठोकावयाचे, मुकादमाच्या शब्दावर राहावयाचे. आता समजा, त्या शिवारात एखादा खून झाला. पोलीस प्रथम कोणाकडे येतील? ज्याला गावात ओळख नाही, ज्याची भाषा निराळी, ज्याच्यासाठी जामीन राहावयास कोणी नाही, त्याच्याकडे. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाचा जबाब गुजरातीत लिहिला जाईल आणि त्यावर त्याचा अंगठा घेतला जाईल. त्याच्या बायकोला तो कोणत्या ठाण्यात आहे हेही चार दिवस कळणार नाही. या गोष्टी घडण्यासाठी कोणी दुष्टच असावा लागतो असे नाही. लोक चिडलेले असतात, वरून तपास लवकर संपवण्याची घाई असते, आणि समोर एक असा माणूस असतो की ज्याच्या वतीने विचारणारे कोणी नसते.

तुरुंगांकडे पाहिले तरी हेच दिसते. देशातील तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैदी असे आहेत की ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांविषयी एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातही चारांतले सुमारे तीन कैदी आर्थिक दृष्टीने दुर्बळ आढळले. खून सगळ्या थरांतील लोक करतात. परंतु दोराखाली उभे राहण्याची पाळी बहुधा गरिबावर येते.

हलाखीचा काळ आला म्हणजे भूक आणि गुन्हा यांची गल्लत करण्याची समाजाला सवय आहे. याच शहादा तालुक्यातील पाटीलवाडीचे नाव आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २ मे १९७१ रोजी तेथे धान्यावरून संघर्ष झाला आणि जमीनदारांच्या बाजूने आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने या भागातील आदिवासी संघटित झाले, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. यातून एक बोध घेण्यासारखा आहे. भुकेल्या माणसाला काम आणि मजुरी दिली तर तो रस्ता बांधतो, बंधारा बांधतो. त्याला नुसता संशय दिला तर त्यातून काहीच बांधले जात नाही.

भगवान बुद्धांनी हे फार पूर्वी सांगितले आहे. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एका राजाची कथा आहे. राजाने इतर व्यवस्था चोख ठेवली. पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी वाढली, चोरीला कठोर शिक्षा सुरू झाली तशी शस्त्रे वाढली, शस्त्रांतून हत्या वाढली आणि अखेर माणसांचे आयुष्यच घटत गेले. आपल्या धम्मात हत्येला क्षमा नाही, हे पहिल्या शीलावरूनच स्पष्ट आहे. परंतु हत्येच्या मुळाशी काय आहे ते पाहण्याची जबाबदारी धम्माने राज्यकर्त्यावर टाकलेली आहे, हेही विसरू नये.

आता बाबासाहेबांनी या बाबतीत आपल्यासाठी काय करून ठेवले ते पाहू. ते स्वतः बॅरिस्टर होते. न्यायालयाच्या कामासाठी ते ३१ जुलै १९३७ रोजी आपल्या खानदेशात, धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्याची आठवण आजही आपण दरवर्षी जागवतो. न्यायालयाची पायरी गरिबाला किती उंच पडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणून १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी घटना समितीत एक नवा अनुच्छेद मांडला. तोच आजचा बावीसावा अनुच्छेद होय. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे तो सांगतो. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, हे विसाव्या अनुच्छेदात आहे. आणि हक्क मोडला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा हक्क देणाऱ्या बत्तिसाव्या अनुच्छेदाला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले.

परंतु घटना पेटीत ठेवून तिची पूजा केल्याने आरोपीची सुटका होत नाही. मूर्तिपूजा आपण सोडली आहे. पुस्तकाची पूजाही सोडू आणि त्याचा उपयोग करावयास शिकू. त्यासाठी काही गोष्टी आपण घरी जाऊन सर्वांना सांगाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट वकिलाची. "आमच्याकडे पैसा नाही, वकील कोठून आणू?" असे म्हणण्याची वेळ आता राहिलेली नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याचे तत्त्व घटनेत आले, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने ती मदत प्रत्यक्षात मिळू लागली. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. येथे नवदीक्षितांनी एक भीती मनातून काढून टाकावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. धम्म स्वीकारला म्हणून हा हक्क जात नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारता येते. वकील मिळाल्यावर त्याला वारंवार भेटावे आणि घडलेले सारे खरे सांगावे; मोफत मिळालेला वकील म्हणजे उपकार नव्हे, तो आपला हक्क आहे.

दुसरी गोष्ट कबुलीची. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मात्र आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या भागापुरते त्याचे बोलणे पुरावा होऊ शकते. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीचे वजन तर फारच मोठे असते. तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये आणि वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये. मारहाण झाली असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे राहताच ती सांगावी. तेथे मौन धरले तर पुढे ते मौनच आपल्याविरुद्ध बोलते.

तिसरी गोष्ट अटकेच्या कागदाची. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू यांच्या प्रकरणात ठरवून दिले आहे की, अटकेचा पंचनामा जागेवरच करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी आणि कोठडीत असताना दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. घरातील माणसाला नेले तर कोणत्या ठाण्यात नेले, किती वाजता नेले, हे लगेच लिहून ठेवा. आपल्या मुली शाळेत शिकत आहेत. त्यांच्या वहीचे एक पान या कामी येऊ द्या. तसेच खुनाच्या आरोपात नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. तो दिवस मोजून ठेवावा.

चौथी गोष्ट जन्माच्या दाखल्याची. नाशिकच्या प्रकरणातील एका मुलाचे मी सांगितलेच. पुण्यात १९९४ साली झालेल्या हत्याकांडातही एका आरोपीला फाशी झाली होती. तो गुन्ह्याच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता, हे त्याच्या शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले. तोपर्यंत त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. दाखला, शाळेतील नाव, त्यावरची तारीख यांकडे आपण दुर्लक्ष करतो. पण त्या एका कागदावर जीव अवलंबून राहू शकतो.

पाचवी गोष्ट मात्र आपल्या बचावाची नाही, ती आपल्या कर्तव्याची आहे. गरीब माणसालाच पोलीस पुष्कळदा पंच म्हणून उभे करतात. न पाहिलेल्या गोष्टीच्या पंचनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर, भीतीने अथवा दिवसाच्या मजुरीच्या लोभाने, सही करू नका. ती सही दुसऱ्या एखाद्या गरिबाच्या गळ्याभोवती आवळली जाईल. असत्य न बोलण्याचे शील आपण विहारात उच्चारतो; त्याची खरी परीक्षा पोलीस ठाण्यात आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते.

शेवटी एका शंकेचे निरसन करतो. आपल्या वस्तीतील एखाद्याने खरोखरच खून केला असेल तर? तर त्याला आपण पाठीशी घालणार नाही. मृताच्या घरी प्रथम जाऊ आणि खरी साक्ष देऊ. तथापि त्यालाही वकील मिळावा, त्यालाही मारहाण होऊ नये, त्याच्याविरुद्धचा पुरावाही तपासून घेतला जावा, असाच आग्रह आपण धरू. कारण खरा अपराधी कोण आणि निरपराध कोण हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. ते कळण्यासाठीच तर न्यायालय आहे. अपराध्याला न्याय्य वागणूक द्यावयाची नाही असे ठरवले, तर ज्याच्यावर बोट ठेवले जाईल तो प्रत्येक जण पहिल्याच दिवशी अपराधी ठरेल. आणि बोट कोणावर ठेवले जाते हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. या गावातील दोन तरुण आणि दोन तरुणी यांनी पुढे यावे. विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन तेथील कामकाज समजून घ्यावे आणि वस्तीत कोणावर आरोप आला तर पहिल्या चोवीस तासांत ठाण्यावर आणि न्यायालयात हजर राहावे. तो आपल्या जातीचा आहे काय, आपल्या धम्माचा आहे काय, हे विचारू नये. भिल्ल असो, पारधी असो, मुसलमान असो, परमुलखातला मजूर असो, ज्याच्या वतीने विचारणारे कोणी नाही त्याच्या वतीने विचारावे. नाशिकच्या त्या सहा माणसांसाठी पहिल्या आठवड्यात असे चार जण ठाण्याच्या दारात उभे राहून "त्या बाईने ओळखलेली चार माणसे कोठे आहेत?" एवढेच विचारते, तर कदाचित सोळा वर्षे वाचली असती. तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. आपण ते व्हावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जय भीम.